उरलं तर

तन्मय खोतला बायकोचा आवाज ऐकून पाच महिने होऊन गेले होते, आणि दोघांमधलं सगळं दळणवळण त्याच्याच हाताखालून जात होतं. हलवायाच्या घरातलं पोर उपाशी राहावं तसला हा प्रकार.

राजापूरच्या वर आंबेलीच्या उघड्या कातळसड्यावर, पूर्वी जिथे नुसती गुरं चरायची, तिथे आता तीन मोठ्या थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. चंद्राच्या पाठीमागच्या तळाशी जे काही बोलणं चालतं ते या थाळ्यांतून. तळावर माणसं आठ. त्यांत एक आसावरी, तन्मयची बायको. ती तिकडचं दळणवळण बघायची, हा इकडचं. लग्नात कुणीतरी चेष्टेनं म्हणालं होतं, या दोघांना एकमेकांशी बोलायला मध्ये उपग्रह लागेल. आता खरोखरच लागत होता.

कारण चंद्र आपल्याला कायम एकच तोंड दाखवतो. त्याच्या पाठीमागे गेलं की पृथ्वी दिसत नाही, आणि तिथे पृथ्वीच्या रेडिओलहरीही सरळ पोचत नाहीत. म्हणून तर दुर्बीण तिथे मांडली. आपला सगळा कलकलाट चंद्रानं अडवलेला, आणि विश्वाच्या आरंभीचे क्षीण सूर कानावर पडतील इतकी शांतता. पण त्या शांततेत राहणाऱ्याला घरी बोलायचं तर मध्ये कुणीतरी हवं. ते काम ‘मध्यस्थ’ नावाचा उपग्रह करायचा. चंद्राच्याही पलीकडे तो अशा जागी गिरक्या घेत राहतो, की त्याला तळही दिसतो आणि पृथ्वीही.

डिसेंबरात वाळूच्या कणाएवढ्या एका उल्केनं ‘मध्यस्थ’ची मोठी छत्री, म्हणजे अँटेना, फोडली. उरली ती धाकटी, अडीअडचणीसाठी बसवलेली. आठपदरी रस्त्याची एका दिवसात पायवाट झाली, आणि नवा उपग्रह जायला दीड वर्ष तरी लागणार होतं.

पायवाटेवरून कुणी आधी जायचं हे ठरवणं तन्मयचं काम. नेटवर्कवरून जाणारी कुठलीही गोष्ट, चित्र असो नाहीतर आवाज, बारक्या बारक्या पाकिटांत कापून जाते. प्रत्येक पाकिटावर दोन खुणा असतात. एक, ते कुठल्या प्रोटोकॉलचं, म्हणजे आत कुठल्या प्रकारचं बोलणं आहे. दुसरी, ते कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्याला निघालंय. या दोन खुणा बघून यंत्र रांग लावतं, आणि यंत्राला तसं सांगणारा माणूस तन्मय. त्यानं सगळ्यात पुढे ठेवले हवा, पाणी आणि विजेचे आकडे. त्यांच्यामागे यंत्रांना दिलेले हुकूम. मग डॉक्टर. मग दुर्बिणीनं गोळा केलेली माहिती, कारण तळ बांधला तोच तिच्यासाठी. घरचं बोलणं सगळ्यात मागे.

त्यातही एक मेख होती. लिहिलेली चिठ्ठी थांबू शकते, चार दिवसांनी पोचली तरी शब्द तेच राहतात. आवाजाला थांबता येत नाही. उशिरा आलेलं आवाजाचं पाकीट यंत्र सरळ टाकून देतं, कारण वाक्य संपल्यावर त्याच्या मधला तुकडा घेऊन कुणी काय करायचं? म्हणून फोनसाठी दोन्ही रस्त्यांवर, जाणाऱ्या आणि येणाऱ्या, एकाच वेळी जागा राखावी लागे. तशी मिळाली नाही तर पलीकडे घंटासुद्धा वाजायची नाही. जाणाऱ्या रस्त्याची रांग तन्मय लावायचा. येणाऱ्या रस्त्याची आसावरी.

घरांच्या पाळ्या लावायच्या होत्या त्या दिवशी केंद्रप्रमुख लोपीस बाई त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. बाई वसईच्या, बोलायला फटकळ, मनानं मोकळ्या.

“आठ घरं आहेत, पाळ्या फिरत्या ठेव आणि मोकळा हो,” त्या म्हणाल्या.

तन्मयनं सात घरं फिरत्या पाळीत घातली. आठव्या पत्त्यापुढे, म्हणजे स्वतःच्या, त्यानं नियम घातला: उरलं तर.

“हे काय?”

“रांग मी लावतो ना बाई. उद्या कुणी म्हणायला नको, खोतानं आधी आपली सोय बघितली.”

“कोण म्हणणार आहे?”

“म्हणतात लोक.”

“अरे बाबा, पंगतीत वाढणारा शेवटी जेवतो हे मला माहीत आहे. पण जेवतो तरी!”

तन्मय नुसता हसला. त्याच्या घरी तसंच चालायचं. गावच्या जेवणावळीत त्याचा बाप वाढपी, आई वाढपी, आणि पाटावर आधी बसलेला खोत कुणी कधी पाहिला नव्हता. त्याला हे नियमासारखं शिकवावं लागलं नाही, अंगातच होतं. आणि चार माणसांत त्याचा थोडा तोराही होता, उगाच कशाला लपवा.

सुरुवातीला त्याला वाटलं, आठवड्यातून एकदा तरी उरेलच की. आणि उरायचंही. दुर्बीण क्षणभर विसावली, कुणाचा फोन लवकर आटोपला, की जाणाऱ्या रस्त्यावर जागा मोकळी दिसायची. तो हातातला चहा तसाच ठेवून कानाला यंत्र लावायचा आणि आसावरीचा पत्ता दाबायचा. छाती अशी धडधडायची की कॉलेजातल्या पोराला लाज वाटावी. मग पडद्यावर तीन शब्द उमटायचे. पलीकडून उत्तर नाही.

एकदा झालं, दोनदा झालं. कामात असेल. झोपली असेल. दहाव्या वेळी माणूस वेगळा विचार करायला लागतो. बाकीच्या सात जणांचे फोन धडाधड लागत होते. तिची पाळीही इतरांसारखी फिरत असणार, असं तो धरून चालला होता. मग हिलाच का जमत नाही? की जमवायचंच नाही? येणाऱ्या रस्त्यावर त्या क्षणी तिच्या पत्त्याला जागा नसेल, ही शंका त्याला यायला हवी होती. धंदाच तो त्याचा. पण माणूस रुसला की शिकलेलं विसरतो.

तिची आठवण त्याला अवेळी यायची. भाजी निवडताना, गाडीची काच पुसताना. तिचा चेहरा नव्हे, फोटो होते की भिंतभर. आवाज. बोलता बोलता “अरे ऐक ना” म्हणायची आणि पुढे काय सांगायचं तेच विसरायची, तो आवाज. खाताना बोलू नकोस म्हटलं तरी भरल्या तोंडानं बोलायची, तो. जुन्या ध्वनिफिती होत्या त्याच्याकडे. पण त्यांतली आसावरी तीच तीच वाक्यं बोलायची आणि त्याच्या कशालाही उत्तर द्यायची नाही. शेवटी त्यानं त्या ऐकणंच सोडलं.

आठवड्यातून एकदा चिठ्ठ्यांचा गठ्ठा जायचा-यायचा. त्या चिठ्ठ्या दोन्ही केंद्रांवरच्या पाळीवाल्यांच्या नजरेखालून जातात हे दोघांनाही ठाऊक. त्यामुळे दोघंही अशी लिहायची, जणू चुलत सासऱ्यांना खुशाली कळवताहेत. ‘तब्येत बरी आहे. इकडे उकाडा फार. काळजी नसावी.’ नऊ वर्षांच्या लग्नात तन्मयनं प्रेमाचं एक वाक्य तोंडानं उच्चारलं नव्हतं, तो चारचौघांच्या नजरेखाली लिहिणार कुठून?

गेल्या गठ्ठ्यात तिची चिठ्ठी आली होती. ‘अजून एक वर्ष राहशील का, असं विचारलंय. आधी ठरल्याप्रमाणे मी पुढच्या महिन्याच्या यानानं निघणार होते. बुधवार संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. तुला काय वाटतं?’

ती चिठ्ठी त्यानं पुन्हा पुन्हा वाचली. काय वाटतं म्हणजे काय? ये म्हणून वाटतं. आत्ता, या क्षणी, दारात चपला काढून ये. पण असं लिहिणं म्हणजे तिच्या कामात खोडा घालणं, आणि तिला मुळात यायचंच नसलं तर? त्यानं लिहिलं, ‘तुझं तू ठरव. माझी हरकत नाही.’ गठ्ठा मंगळवारी सकाळी गेला, आणि त्यानंतर त्याला घास गोड लागला नाही.

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला इचलकरंजीहून आप्पा मगदुमांचा फोन आला. आप्पांचा मुलगा शीतल तळावर होता. आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे फोनवरही मैदानात बोलल्यासारखे बोलायचे. शीतलच्या बायकोला मागच्या पंधरवड्यात मुलगी झाली होती, आज तिचं बारसं. मुद्दाम आजची पाळी मागून घेतलेली, म्हणजे लेकीचं नाव बापाच्या कानावर ठेवल्या क्षणी पडावं.

“साहेब, सहाचं नक्की न्हवं? पावणंरावळं जमल्यात समदी.”

“नक्की आप्पा. दोन्ही रस्त्यांवर जागा राखून ठेवलीय.”

“लई उपकार.” आप्पा थांबले. मग एकदम स्वर बदलला. “आता एक इचारतो. राग येऊ दे न्हाईतर न येऊ दे. तुम्ही बायकूचा फोन का उचलत न्हाईसा?”

तन्मयला आधी काही कळलंच नाही. “कोण म्हणतं?”

“शीतल म्हणतोय. आमच्या पोराला फोन जोडून देणाऱ्या वहिनीच. समद्यास्नी जोडून देतात आन् आपला पत्ता कायम शेवटाला टाकत्यात. शीतल त्यास्नी म्हणाला, वहिनी, तुम्ही का मागं? तर म्हणतात, वाढणाऱ्यानं आधी जेवू नये. मग कधीमधी उरली जागा, की यंत्र कानाला लावून बसत्यात. तुमच्याकडनं उत्तर येत न्हाई. हसून उठत्यात म्हणं. पर ते हसणं पोराला बघवत न्हाई. असं करू नये ओ साहेब! चांगल्या घरची पोर हाय ती.”

आप्पा ‘हॅलो, हॅलो’ करत राहिले.

“आप्पा,” तो कसाबसा म्हणाला, “मी पाच मिनिटांत फोन करतो.”

तिनंही. तिनंही तेच केलं होतं. इकडे हा उरलं तर, तिकडे ती उरलं तर. जाणाऱ्या रस्त्यावर उरायचं तेव्हा येणारा भरलेला, येणाऱ्यावर उरायचं तेव्हा जाणारा भरलेला. दोन्हीकडची उरलीसुरली जागा एकाच क्षणी जुळावी, असं पाच महिन्यांत एकदाही घडलं नव्हतं. आणि यंत्राला बिचाऱ्याला एकच वाक्य शिकवलेलं, ते त्यानं दोघांनाही इमानेइतबारे ऐकवलं. पलीकडून उत्तर नाही. पलीकडे घंटाच वाजली नव्हती!

तो लोपीस बाईंच्या खोलीत गेला आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे तू तिला ओवाळून टाकलंस आणि तिनं तुला. छान. दोघंही थोर. आता?”

“आज संध्याकाळी ती तळप्रमुखांना उत्तर देणार. ती हो म्हणायच्या आत मला तिच्याशी बोलायचंय.”

“मग आण तुझा पत्ता वर.”

“माझा आणेन हो. तिचा तिकडे शेवटीच आहे, आणि तो फक्त ती हलवू शकते. ती हलवेल कशी? तिला माहीतच नाही. चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढच्या मंगळवारी.”

“हुकमांच्या रांगेतून निरोप टाकू?” बाईंनी विचारलं खरं, पण त्यांचाच स्वर पडला. “नको. ती रांग त्यासाठी नाही.”

“नाहीच. आगीच्या बंबातून भाजी आणल्यासारखं होईल.”

मग बाई हळूच म्हणाल्या, “दोन्ही रस्त्यांवर आज जागा असलेला एकच फोन आहे. आणि तो जोडून द्यायला तिकडे तीच बसणार आहे.”

ते तन्मयलाही केव्हाच दिसलं होतं. पण त्यासाठी मागायला हवं होतं. दुसऱ्याच्या ताटातलं, ते सुद्धा बारशाच्या ताटातलं. त्याच्या सात पिढ्यांत कुणी असं काही मागितलं नव्हतं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला, थाळ्यांकडे पाहत. मग त्यानं आप्पांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं, मध्ये थांबला तर पुढे बोलणं होणार नाही या भीतीनं.

“तुमच्या फोनमधली दोन मिनिटं मला द्याल का?” त्यानं विचारलं. “मला ठाऊक आहे, आज कुठला दिवस आहे ते. नाही म्हणालात तरी...”

“आवो, गप बसा,” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “म्हंजे तुमी बी शेवटाला आन् त्या बी शेवटाला? अरारारा. कुणी शिकवलं हे तुमास्नी?” मग पुन्हा मूळ पट्टीत, “आधी नाव ऐकू दे पोराला. मग बोला. पर एक सांगतो, आमचा फोन भिंतीवरच्या भोंग्याला जोडलाय. समदं बारसं ऐकणार. चालतंय?”

चालत नव्हतं. “चालेल,” तन्मय म्हणाला.

सहा वाजता जागा जुळली. तन्मयनं इचलकरंजी जोडली आणि तिसरा कान म्हणून स्वतः आत बसला. पाळण्याभोवती बायकांचा गलका, बांगड्यांचा आवाज, मध्येच बाळाचं कुरकुरणं. पलीकडून शीतलचा आवाज आला, “आप्पा, मी ऐकतोय, करा सुरू.” बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, “श्रेयांशी!”, आणि सगळ्या बायकांनी मिळून तिच्या पाठीवर थापट्या मारत कुर्रर्र केलं. पलीकडे शीतल रडत होता, आणि नाव उच्चारल्यावर साडेतीन सेकंदांनी त्याचं रडणं इचलकरंजीला पोचलं. तोवर त्याची बायको पाळण्याशी हसत होती, मग तीही रडायला लागली. जायला-यायला तेवढा वेळ लागायचाच. तेवढं अंतर कुठलंही यंत्र पुसू शकत नव्हतं.

मग आप्पा म्हणाले, “शीतल, वहिनीस्नी कानाला लाव. त्यांच्यासाठी फोन हाय. आन् बायांनो, गप बसा जरा!”

बाया गप्प बसल्या. भोंग्यातली खरखर तेवढी राहिली.

“आसावरी,” तन्मय म्हणाला. “मी तन्मय.”

उत्तर यायच्या आत तो बोलत सुटला. थांबला असता तर तिचा आवाज आला असता, आणि तिचा आवाज आला असता तर याला बोलता आलं नसतं. “मी फोन करत होतो. दर वेळी. माझा पत्ता मी शेवटी टाकला होता, आणि आज कळलं तूही टाकलास. आपण दोघं वाढत बसलो गं, आणि दोघंही उपाशी राहिलो. मी लिहिलं हरकत नाही. ते खोटं आहे. हरकत आहे. मला करमत नाही. घरात आल्यावर मी दिवे लावत नाही, कारण लावले की तू नाहीस ते दिसतं. तुझं काम मोठं आहे, मला कळतं. तरी सांगतो, परत ये. मला तू हवी आहेस.”

मग तो थांबला. पाळण्याजवळ कुणीतरी नाक ओढलं.

“तन्मय?” तिचा आवाज आला. किंचित घोगरा, किंचित लांबचा, पण तिचाच, आत्ताचा. तन्मयनं टेबलाची कड घट्ट धरली. “मला वाटलं तुला बोलायचंच नाही. मी इथे...” ती थांबली. “तन्मय, मी सकाळीच हो सांगून आले रे. तुझी चिठ्ठी वाचली आणि तशीच उठून गेले. संध्याकाळची वाट बघण्यात अर्थ नाही असं वाटलं.”

“मग आता जाऊन न्हाई म्हण की पोरी!” आप्पा ओरडले. त्यांना राहवलंच नाही.

साडेतीन सेकंद.

“होत नाही आप्पा. यानातली माझी जागा दुपारी आमच्या डॉक्टरांना दिली. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेत. ते सामान बांधताहेत आत्ता.”

तन्मयच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. एक वर्ष. एका चिठ्ठीतल्या तीन शब्दांपायी अख्खं एक वर्ष. आणि डॉक्टरांच्या हातातून ती जागा काढून घ्या असं ती म्हणणार नव्हती, आणि म्हणाली असती तर त्यानंच म्हणू दिलं नसतं. त्या बाबतीत दोघं अजूनही तशीच होती, कितीही उपाशी राहिली तरी.

“बरं,” तो म्हणाला. त्यात बरं काय होतं देव जाणे. “मी माझा पत्ता आजच पाळीत घेतो. तूही घे. लोक काय म्हणतील ते म्हणू देत.”

वाट पाहणं. मग तिचा आवाज, आता अगदी कानाशी. “घेते. आत्ता घेते. तन्मय, मघाशी शेवटी काय म्हणालास तू?”

“काय?”

“शेवटचं वाक्य. परत म्हण ना.”

तन्मयचे कान तापले. “अगं, इथे सगळं बारसं ऐकतंय.”

तिचं उत्तर अजून वाटेतच होतं, तेवढ्यात इचलकरंजीहून पाळण्यापाशी बसलेली कुणी म्हातारी म्हणाली, “म्हण रं लेका, आमी काय परकं हाय व्हय?” आणि सगळ्या बायका हसल्या. बाळ दचकून रडायला लागलं, त्याला कुणीतरी उचलून घेतलं. आप्पांची दोन मिनिटं केव्हाच संपून गेली होती, पण आप्पा त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

“मला तू हवी आहेस,” तन्मय म्हणाला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

शब्द सड्यावरच्या थाळीतून निघाले, चंद्राच्या पलीकडे गेले, ‘मध्यस्थ’च्या धाकट्या छत्रीवर आपटून खाली तळावर उतरले. तन्मय डोळे मिटून बसला. लोपीस बाई दारात येऊन केव्हा उभ्या राहिल्या ते त्याला कळलं नाही.

“अजून एकदा,” ती म्हणाली.